सिस्टर लोखंडेंची रजा

सिस्टर लोखंडे कुणाच्याही घरी गेल्या की आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. मग बाहेर येऊन घरच्या बाईचा हात हातात घ्यायच्या आणि "काय म्हणताय?" असं विचारायच्या. नव्या माणसाला वाटायचं, किती मायेनं हात धरलाय. प्रत्यक्षात त्या नाडी बघत असत. गप्पा चालू असतानाच छातीवर पिनेनं अडकवलेल्या घड्याळाकडे त्यांची नजर जायची. सुटीच्या दिवशी साडीवरसुद्धा ते घड्याळ असायचंच. नाडी ठीक असली तर चहा घ्यायच्या. नसली तर चहा बाजूला राहायचा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावणं यायचं.

मुलांनो, तुम्हाला ताप आला की तुमची आई अजून म्हणते, "आत्ता सिस्टर लोखंडे हव्या होत्या." परवा फोनवर तुम्ही मला विचारलंत, "हू इज शी, आजी?" फोनवर सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहायला बसले. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या. आईनं काही गाळलं तर मला कळवा.

आम्ही तेव्हा अल ऐनला राहत होतो. अमिरातीतलं हे गाव समुद्रापासून लांब. खजुराच्या बागा, एक मोठा उघडा डोंगर आणि चौकाचौकात गोल बगिचे. दुबईसारखी धावपळ तिथे नव्हती. तुमचे आजोबा एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होते, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दवाखान्यानं नर्सेसना फ्लॅट दिले होते. त्यातल्या एकात सिस्टर लोखंडे राहायच्या, सूझन नावाच्या एका मल्याळी नर्सबरोबर. नाव कुसुम. पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी तिथे कधी ऐकली नाही. आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो आणि मिरजेकडच्या गावातून त्यांच्या धाकट्या भावाचा, बाळूचा, फोन आला की तो अक्का म्हणायचा.

बुटक्या, जाड, केस घट्ट बांधलेले, पायात पांढरे बूट. चालणं भराभर, बोलणं सावकाश. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दुखणी राहत. "वरच्या मजल्यावरचं पित्त आज भेटलं होतं," असं त्या सहज सांगायच्या. आमच्या ओळखीच्या एका फार मोठ्या अधिकाऱ्याला त्या शेवटपर्यंत "तो मूळव्याध" म्हणत राहिल्या. एकदा तर त्याच्या बायकोसमोर.

कुणी रडत त्यांच्याकडे आलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आधी पाणी प्या, मग रडा." पाणी पिऊन झाल्यावर बहुतेक माणसं रडायचं विसरत.

पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. तुमची आई सहा वर्षांची असताना टायफॉइडच्या इंजेक्शनसाठी तिला मी सिस्टरांकडे घेऊन गेले. तेव्हाच ती सगळ्याला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली होती.

"विल इट हर्ट?" तिनं विचारलं.

"हो, दुखणार," सिस्टर म्हणाल्या.

"आई सेज इट वोन्ट."

"आई इंजेक्शन देत नाही. मी देते. दुखणार, आणि दहा मोजेपर्यंत थांबणार. मोज."

तुमच्या आईनं दात आवळून मोजलं. आठला दुखायचं थांबलं, तेव्हा तिनं सिस्टरांना मोठ्या गंभीरपणे सांगितलं, "यू वेअर राँग." सिस्टरांनी तिची माफी मागितली.

शुक्रवारी सगळ्यांना सुटी असायची, तेव्हा आमच्या जिन्यात माणसं बसलेली दिसत. साइटवर काम करणारी, बहुतेक रत्नागिरी-खेडकडची, कुणाच्या बोटाला पट्टी, कुणाच्या टाचेला. सिस्टर एकेकाला आत घ्यायच्या, ड्रेसिंग करायच्या आणि करता करता भरपूर बोलायच्या. एकदा एकाच्या पायात खिळा घुसून पाय सुजला होता आणि मुकादम रजा देत नव्हता. सिस्टरांनी आमच्या घरून त्या मुकादमाला फोन लावला.

"कल ये काम पे नहीं आएगा," त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नहीं, मैं डॉक्टर नहीं हूँ. आप भी नहीं हैं. लेकिन पैर मैंने देखा है, आपने नहीं देखा. खलास." आणि फोन ठेवला.

अशी ही बाई. मुकादमाला नाही म्हणायची, डॉक्टरला नाही म्हणायची, एकदा वॉर्डात आलेल्या एका शेखच्या नातलगालाही "भेटायची वेळ संपली" म्हणाली होती. फक्त एकाच माणसाला तिला नाही म्हणता येत नसे. तो म्हणजे बाळू.

वडील लवकर गेले, तेव्हा बाळू अगदी लहान होता. सिस्टरांनी लग्न केलं नाही, नर्सिंग केलं आणि अमिरातीत आल्या. तेव्हापासून दर वर्षाची रजा घरी. रजा म्हणायची एवढंच. एका वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न, एका वर्षी घराचा स्लॅब, एका वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग बाळूचं लग्न, मग बाळूच्या मुलांच्या शाळा. जाताना दोन बॅगा दोरीनं करकचून बांधलेल्या असायच्या, त्यात साबण, दूध पावडर, बदाम, कुणाकुणासाठी घड्याळं. येताना त्या आमच्याकडे यायच्या त्या काळवंडलेल्या आणि वाळलेल्या. "रजा कशी झाली?" विचारलं की म्हणायच्या, "ड्युटी बदलली, बाकी काही नाही."

फोनवर बाळू काही मागायचा, तेव्हा त्यांचं उत्तर नेहमी तेच. "बरं. बघते." आम्हाला ते पाठ झालं होतं. "बघते" म्हणजे झालं.

स्वतःसाठी त्यांनी एकच गोष्ट इच्छिली होती, आणि ती त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. एका जुन्या कॅलेंडरचं पान. त्यांच्या वॉर्डात पूर्वी नादिया नावाची इजिप्शियन नर्स होती, लक्सरची. ती जाताना ते देऊन गेली होती. लक्सरमधलं कर्नाकचं देऊळ. झाडांच्या बुंध्यांसारखे दाटीनं उभे असलेले प्रचंड दगडी खांब आणि त्यांच्या पायाशी मुंगीएवढा एक माणूस. "नादिया म्हणायची, तिथे उभं राहिलं की आपण किती लहान ते कळतं आणि बरं वाटतं," सिस्टर एकदा मला म्हणाल्या. "बरं का वाटावं, ते मला बघायचंय."

"जाऊन या की," मी म्हणायची.

"इन्शाल्ला," त्या म्हणायच्या आणि कपाट बंद करायच्या.

साठी आली. तुम्हाला हे नवीन वाटेल, पण तिथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि देश सोडावा लागतो. जूनमध्ये सिस्टर कायमच्या भारतात जाणार होत्या. (गेल्या. बाळूच्या घराला लागून, पण वेगळं, दोन खोल्यांचं घर बांधून राहिल्या, आणि तीन वर्षांपूर्वी तिथेच वारल्या.) फेब्रुवारीत त्यांची शेवटची आठ दिवसांची रजा शिल्लक होती. भारतात एकदा गेल्या की तिथून इजिप्तला जाणं होणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. आजोबांनी सरळ आमच्या दोघांबरोबर त्यांचंही लक्सरचं बुकिंग केलं. सिस्टर आठवडाभर वॉर्डात सगळ्यांना सांगत होत्या.

आणि मग बाळूचा फोन आला. त्याच्या मोठ्या मुलाचा साखरपुडा ठरला होता, त्याच आठवड्यात.

त्या संध्याकाळी सिस्टर आमच्याकडे आल्या आणि हात न धुता खुर्चीवर बसल्या. मी मनात म्हटलं, संपलं.

"मी त्याला सांगितलं, रजा मंजूर झाली नाही," त्या म्हणाल्या.

आजोबा आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "बघू नका असं माझ्याकडे."

सहा दिवसांनी आम्ही लक्सरला पोचलो. हॉटेलच्या काउंटरवर नावं लिहीत असतानाच तिथला माणूस म्हणाला, "मॅडम कुसुम? इंडिया फोनिंग. थ्री टाइम्स."

सिस्टरांचा चेहरा उतरला. बाळूला हा नंबर कसा मिळाला, ते मला कळेना. त्यांनीच सांगितलं. नर्सनं गाव सोडताना जिथे जाणार तिथला नंबर मागे ठेवायचा असतो. तीस-पस्तीस वर्षांची सवय. त्यांनी तो कागदावर लिहून फ्रिजला लावला होता. बाळूनं साखरपुड्याच्या याद्यांचं काही विचारायला फ्लॅटवर फोन केला आणि बिचाऱ्या सूझननं, कुणाला काही लपवायचंय हे ठाऊकच नसल्यानं, इजिप्त, हॉटेल, नंबर, सगळं नीट वाचून दाखवलं.

"सबंध खोटं धड बोलता येत नाही तुम्हाला," आजोबा म्हणाले.

"सवय नाही ना, साहेब."

इतक्यात पुन्हा फोन आला. वॉर्डात मोठा डॉक्टर आल्यावर उभ्या राहायच्या तशा त्या फोनपाशी ताठ उभ्या राहिल्या.

"व्हय, बाळू. व्हय, खोटंच बोलले..." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "इथनं? इथनं कशी येणार मी?... असंल विमान, मला काय ठाऊक... व्हय, कळतंय रे मला... बरं. बघते."

फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या. "तो म्हणतो, तिथनं मुंबईला विमान असंलच की. परवा संध्याकाळी साखरपुडा आहे, उद्या निघालीस तर पोचतीस."

"रागावला का?" मी विचारलं.

"रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, अक्का, तू नसलीस तर आमच्या बाजूनं बसायचं कुणी?"

आजोबांनी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्सरहून कैरो, रात्री कैरोहून मुंबई, जागा होती. ती त्यांनी अडवून ठेवली. साडेबाराला हॉटेलातून निघायचं, म्हणजे सकाळी कर्नाक बघून होईल. तसं सिस्टरांनी बाळूला फोन करून कळवलं. सिस्टरांनी रात्रीच बॅग भरली. खरं तर उघडलीच नव्हती.

सकाळी पर्यटकांच्या बसमधून आम्ही कर्नाकला गेलो. फ्रेंच होते, जपानी होते, आम्ही तिघं आणि अश्रफ नावाचा तरुण गाइड. मेंढ्याच्या तोंडाचे दगडी सिंह दोन्ही बाजूंना ओळीनं बसलेले, पुढे डोंगरासारखं प्रवेशद्वार. तिथे सिस्टरांनी बूट काढले.

"मॅडम, नो नीड," अश्रफ म्हणाला. "दोन हजार वर्षं इथे देव नाही."

"देव नसला म्हणून काय झालं? देऊळ आहे ना," सिस्टर मला म्हणाल्या आणि बूट पिशवीत टाकून चालायला लागल्या. मी भाषांतर केलं. अश्रफनं मान हलवली आणि मग सकाळभर तो काटेकुटे दिसले की आधी त्यांना सांगायचा.

सुरुवातीला त्यांचं लक्ष नव्हतं. साखरपुड्याला साडी कुठली, केसात घालायला तिथे काही मिळेल का, असं पुटपुटत होत्या. भिंतींवरच्या चित्रांपाशी मात्र जरा जाग्या झाल्या. "सगळ्यांच्या माना एकाच बाजूला," त्या म्हणाल्या. "पट्टे द्यायला हवे होते." एका चित्रात देव राजाच्या नाकाशी किल्लीसारखं काहीतरी धरून उभा होता. "हे काय, ऑक्सिजन लावतोय का?"

अश्रफ हसला नाही. तो म्हणाला, "येस मॅडम. देव त्याला श्वास देतोय."

"मग बरोबर धरलंय," सिस्टर म्हणाल्या.

पुढे पवित्र तळं आहे आणि त्याच्या काठी चबुतऱ्यावर दगडाचा एक मोठा भुंगा. त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या की इच्छा पूर्ण होते असं गाइड सांगतात, त्यामुळे तिथे कायम माणसं गोल गोल फिरत असतात. डावीकडून. सिस्टर क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्यांनी आपली प्रदक्षिणा सुरू केली, उजवीकडून.

समोरून येणारे फ्रेंच त्यांच्यावर आदळायला लागले. "पार्दों, मादाम!"

"अहो, उजवी घाला, उजवी," सिस्टर त्यांना मराठीत सांगत होत्या आणि हातानं दाखवत होत्या. "उलट्या काय फिरता? देव काय म्हणेल?" वॉर्डातला आवाज होता तो. पहिल्यांदा एक जपानी आजोबा वळले. मग त्यांच्या मागचे वळले. दोन-तीन फेऱ्यांत सगळा घोळका सिस्टरांच्या मागून उजवीकडून फिरत होता आणि अश्रफ कपाळाला हात लावून उभा होता.

"काय मागितलंत?" मी त्यांना नंतर विचारलं.

"काही नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. "दर देवळात बाळूसाठी मागते, त्याच्या पोरांसाठी मागते. आज म्हटलं, या देवाला मराठी कुठं येतंय. नुसतीच फिरले." आणि मोठ्यानं हसल्या. त्या प्रवासातलं त्यांचं पहिलं हसू ते.

परतीच्या वाटेवर अश्रफनं आम्हाला खांबांच्या दालनात नेलं. कॅलेंडरवरचं ते दालन. उंचावर, जिथे ऊन पोचत नाही तिथे, अजून निळा आणि लाल रंग टिकून होता. सिस्टरांनी एका खांबावर दोन्ही तळवे टेकले. पाच मिनिटं झाली नसतील तोच अश्रफची "यल्ला, यल्ला, बस इज वेटिंग" अशी घाई सुरू झाली आणि त्यांनी लगेच हात काढले. कुणाला खोळंबून ठेवायची त्यांना सवय नव्हती.

बाहेर पडताना पहिल्या दारापाशी, आतल्या बाजूला, मातीच्या विटांचा एक मोठा ढिगारा दिसला. बाकी सगळं इतकं देखणं आणि मध्येच हे काय, म्हणून सिस्टरांनी विचारलं. अश्रफ म्हणाला, हा बांधताना चढायला केलेला उतार आहे. काम झालं की काढायचा होता, पण काम पुरं झालंच नाही. एका राजानं सुरू केलं, तो गेला, पुढच्यानं वेगळं काही सुरू केलं. दाराचा एक बुरूजही अर्धाच राहिलाय.

"अर्धवट सोडून दिलं?" सिस्टर थांबल्या. "आणि कुणी काही बोललं नाही?"

"कोण बोलणार, मॅडम?" अश्रफ म्हणाला. "सगळं जग बघायला येतं."

सिस्टर त्या ढिगाऱ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की शेवटी मी त्यांच्या कोपराला धरून त्यांना बसकडे नेलं. बूट घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, ते बसमध्ये घातले.

हॉटेलवर पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. त्यांची बॅग काउंटरपाशी आणून ठेवलेली होती, विमानतळाची गाडी यायची होती. आजोबा तिकिटाचं बघायला आत गेले. सिस्टर पायऱ्यांवर उभ्या होत्या. समोर रस्त्याच्या कडेला घोडागाड्या उभ्या असतात, लाल गाद्यांच्या. त्या पायऱ्या उतरल्या आणि पहिल्याच गाडीवाल्याला म्हणाल्या, "कर्नाक. टेम्पल."

ऊन फार होतं. मी छत्री घेऊन मागे धावले. त्यांचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, तेवढ्यात काउंटरवरचा माणूस दारात आला. "मॅडम कुसुम! इंडिया!"

सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. एक पाय जमिनीवर. गाडीवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाळू असंल. विमान किती वाजता पोचतं ते विचारायला," त्या म्हणाल्या. "तुम्ही घ्या, मॅडम."

"काय सांगू? विमानतळावर गेल्यात म्हणू का?"

"नको. एकदा खोटं बोलले तेवढं बास." त्या वर चढल्या आणि गादीवर बसल्या. छत्री माझ्या हातातून घेतली. "सांगा, अक्का देऊळ बघायला गेली. साखरपुड्याला येत नाही. लग्नाला येईल."

"आणि तिकीट?"

"साहेबांना म्हणावं, सोडा." मग त्या गाडीवाल्याच्या पाठीकडे वळल्या. "यल्ला."

मी आत जाऊन फोन घेतला. माझी ओळख सांगितली आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला.

"देऊळ सकाळी बघायचं होतं न्हवं?" बाळूनं विचारलं.

"सकाळी बघितलं. पुन्हा गेल्यात."

"कोण हाय संगं?"

काउंटरमागच्या काचेतून नाईलच्या कडेचा रस्ता दिसत होता. घोडागाडी संथपणे चालली होती. सिस्टर मागच्या गादीवर मधोमध बसल्या होत्या, छत्री उघडलेली, पिशवी शेजारी ठेवलेली. हॉटेलकडे त्यांनी वळून बघितलं नाही. मग गाडी झाडांआड गेली आणि थोडा वेळ छत्रीचं टोक तेवढं हलताना दिसलं.

"कुणी नाही," मी म्हणाले. "एकट्या गेल्यात."